सेमी-ऑटो रायफल घेताना: आधी काडतूस, मग मॉडेल

कागदी टार्गेट, रिकामे डबे, स्टीलच्या प्लेटा आणि क्लबातल्या हलक्याफुलक्या स्पर्धा एवढंच डोळ्यांपुढे असेल, तर नव्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलची निवड काडतुसापासून सुरू करावी. मॉडेलवरून वाद घालणारे पावलोपावली भेटतात. पण ही रायफल पुढचं काडतूस भरून घेते ती आधीच्या काडतुसाच्या जोरावर. बोल्ट-ॲक्शनला मवाळ काडतूस दिलं तरी हाताने बोल्ट ओढून काम भागतं. सेमी-ऑटो तिथेच अडून बसते. तेव्हा बाराही महिने मिळेल आणि भरपूर झाडायला परवडेल असं काडतूस कोणतं, ते आधी ठरवा आणि मग त्याला मानवणारी रायफल शोधा.

त्याच्याही आधी कायदा. परवान्यावर कोणतं कॅलिबर आहे, सेमी-ऑटोची मुभा आहे का, मॅगझिन किती काडतुसांचं चालतं, हे दुकानदाराच्या तोंडी भरवशावर सोडू नका. काही देशांत सेमी-ऑटो मुळीच चालत नाही, काही ठिकाणी फक्त रिमफायरला (बुडाच्या कडेवर पिन आदळून पेटणाऱ्या काडतुसाला) सूट आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर सेमी-ऑटो रायफल .२२ रिमफायरमध्येच ठेवता येते.

नवख्यांना आणि खरं तर बऱ्याच मुरलेल्या नेमबाजांनाही माझं उत्तर एकच: .२२ एलआर, म्हणजे लाँग रायफल हे रिमफायर काडतूस. १८८७ पासून चालत आलेलं हे काडतूस. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम. धक्का जवळजवळ नाहीच, त्यामुळे चाप ओढताना डोळे मिटण्याची किंवा खांदा पुढे झोकण्याची सवय लागत नाही. एका बैठकीत दोनशे काडतुसं झाडली तरी खांदा कुरकुरत नाही.

या वर्गातल्या जवळपास सगळ्या रायफली साध्या ब्लोबॅकवर चालतात. बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या ठोकळ्याला, कुलूप नसतं. त्याचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढ्यावरच चेंबर (काडतूस बसतं ती जागा) बंद राहतं. गोळी पुढे सुटते तशी रिकामी केस मागे रेटली जाते, बोल्ट मागे जातो, केस बाहेर उडते आणि परतताना बोल्ट मॅगझिनमधलं वरचं काडतूस चेंबरमध्ये ढकलतो. सगळा खेळ त्या मागच्या रेट्यावर. स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसाची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटरने सुटते, हाय व्हेलॉसिटीची ३७० ते ३८० मीटरने. कारखान्यातून आलेल्या बहुतेक रायफली दुसऱ्या प्रकारावर बिनघोर चालतात. गोची अशी की अचूकता बहुधा पहिल्यात असते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास; हाय व्हेलॉसिटीची गोळी १०० यार्डांवरच्या टार्गेटला पोचण्याआधीच त्या वेगाखाली उतरते, आणि उतरताना डळमळते. ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा घोळका, तिथे फाकतो. म्हणून स्टँडर्ड व्हेलॉसिटीवरही न अडकता चालणारी रायफल सापडली तर ती सोडू नये. मुद्दाम कमी आवाजासाठी बनवलेली अगदी मंद काडतुसं मात्र या वर्गासाठी नाहीतच. बोल्ट पुरता मागे जात नाही.

मॉडेलांकडे वळायचं तर रुगर १०/२२ ला वळसा घालता येत नाही. १९६४ पासून बाजारात आहे. दहा काडतुसांचं फिरतं मॅगझिन रायफलच्या पोटात बुडून जातं, आणि आजवर .२२ साठी बनलेल्या सर्वांत भरवशाच्या मॅगझिनांत त्याची गणना होते. बॅरल दोन स्क्रू आणि एका व्ही-ब्लॉकने बसवलेली असते, त्यामुळे ॲलन की हाताशी असली तर घरच्या टेबलावर बदलता येते. सुटे भाग तर इतके मिळतात की मूळची एकही वस्तू न ठेवता अख्खी रायफल उभी करता येईल. दोषही आहेत. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट आपोआप उघडा राहत नाही, तेव्हा मोजणी चुकली की रिकाम्या चेंबरवर चाप ओढला जातो. रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा) मागून बंद असल्याने बॅरल न काढता साफसफाई तोंडाकडूनच करावी लागते. आणि मूळ ट्रिगर साधारण ५ ते ६ पौंडांचा. साध्या कार्बाईनचं वजनच ५ पौंडांच्या घरात आहे. म्हणजे रायफल उचलायला लागतो तेवढाच किंवा त्याहून जास्त जोर एका बोटाने लावायचा, आणि वर नेम हलू द्यायचा नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर नक्षीदार स्टॉकआधी (खांद्याला टेकतो तो दस्ता) ट्रिगरवर करा. ३ पौंडांच्या आसपासचा, कुठेही न अडखळता सुटणारा ट्रिगर आला की त्याच बॅरलमधून ग्रुप आवळलेला दिसतो.

पुढे एआर घराण्याची (एआर-१५ च्या घडणीची) रायफल घ्यायचा बेत असेल तर २००९ मध्ये आलेली स्मिथ अँड वेसन एम अँड पी १५-२२ पाहावी. सेफ्टी, मॅगझिनचं बटण, बोल्टचा खटका सगळं मोठ्या एआरच्याच जागी. डावखुऱ्यांनी जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याची, १९१४ पासूनची एसए-२२ एकदा हातात घेऊन बघावी. केस खाली पडते, तोंडासमोरून उडत नाही. नळीसारख्या मॅगझिनच्या रायफली स्वस्त पडतात, पण भरायला वेळ लागतो आणि पूर्ण रिकामी झाली की नाही हे एका नजरेत कळत नाही. गर्दीच्या रेंजवर ही डोकेदुखीच.

सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध पिन आदळते ती) हवीच असेल तर .२२३ रेमिंग्टन किंवा ५.५६ नाटो. दोन्ही काडतुसं बाहेरून सारखीच दिसतात, पण ५.५६ च्या चेंबरमध्ये आटे (बॅरलच्या आतल्या पीळदार खाचा) सुरू होण्याआधीची मोकळी जागा जास्त असते. ५.५६ च्या चेंबरमध्ये .२२३ चालतं; .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ घातलं तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. बॅरलवर काय कोरलंय ते वाचा, ‘.२२३ वाइल्ड’ असेल तर दोन्ही चालतात. तिथेच आट्यांचा पीळ लिहिलेला असतो. १:९ म्हणजे गोळीचा एक पूर्ण फेरा नऊ इंचांत. ५५ ते ६९ ग्रेनच्या गोळ्यांना हा जमतो. ७७ ग्रेनची लांब गोळी झाडायची तर १:८ किंवा १:७ घ्या. नाहीतर गोळी आडवी होऊ लागते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाटलेलं भोक दिसतं.

दुकानात रायफल हातात आली की मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढून धरा, चेंबर डोळ्यांनी बघा आणि बोटानेही चाचपा. त्यानंतरच बाकीचं. स्टॉक खांद्याला लावून डोळे मिटा, मान सैल सोडा, मग डोळे उघडा. साइट किंवा स्कोप सरळ डोळ्यासमोर आला तर स्टॉक अंगाला बसतो. गाल उचलावा लागत असेल तर गाल टेकायच्या पट्टीची उंची कमी पडते, नाक अंगठ्यावर आपटत असेल तर स्टॉकची लांबी कमी पडते. कारखान्याची नेहमीची लांबी ट्रिगरपासून बटपर्यंत साडेतेरा इंचांच्या आगेमागे असते. ठेंगण्या माणसाला आणि मुलांना ती जास्त होते, तेव्हा स्पेसर काढता येतात का ते विचारा. बॅरलच्या तोंडाची कड डोळ्यांजवळ धरून बघा (रायफल रिकामी आहे, हे पुन्हा एकदा खात्री करूनच). त्या कडेवर एका बाजूला टोचा असेल तर बाहेर पडताना गोळीमागचा वायू तिरका निसटतो आणि ग्रुप बिघडतो. ट्रिगरची चाचणी स्नॅप-कॅप (सरावाचं नकली काडतूस) घालूनच घ्या. बऱ्याच जुन्या घडणीच्या रिमफायरमध्ये फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खाच पडते.

स्कोपची गंमत फार जणांना उशिरा कळते. साध्या सेंटरफायर स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुधा १०० यार्डांना बांधलेला असतो, तो .२२ वर चढवून २५ यार्डांवर नेम धरला की डोळा जरा सरकताच क्रॉसहेअर टार्गेटवर सरकतो. रिमफायरचा स्कोप ५० यार्डांचा घ्या किंवा पॅरॅलॅक्स फिरवता येणारा घ्या. झिरोही, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवणं, ५० यार्डांवर करा. तिथे झिरो केल्यावर १०० यार्डांना गोळी साधारण ६ ते ७ इंच खाली लागते.

नवी रायफल आल्यावर चार-पाच प्रकारची काडतुसं थोडी थोडी घ्या. एका प्रकाराचे पाच-पाच गोळ्यांचे निदान पाच ग्रुप, ५० यार्डांवर, बाकावर पिशव्या टेकवून. एकच सुंदर ग्रुप काहीही सिद्ध करत नाही. ब्रँड बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नका. आधीच्या काडतुसाचं मेण आणि शिसं आट्यांत असतं, ते बदलायला तेवढं लागतं. एका रायफलला लाडकं असलेलं काडतूस शेजारच्या त्याच मॉडेलला अजिबात रुचत नाही, हे .२२ मध्ये रोजचंच आहे.

प्लेटांवर झाडायचं तर प्लेट कडक स्टीलची आणि सपाट हवी. खड्डा पडलेली प्लेट तुकडे उलट फेकते. सेंटरफायर रायफलला किमान १०० यार्ड अंतर ठेवा. पाण्यावर, दगडांवर कधीच नाही. .२२ ची गोळी छोटी म्हणून हलक्यात घेऊ नका, ती दीड मैलापर्यंत जाऊ शकते. डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, आणि शेवटी साबणाने हात धुणं. रिमफायरच्या धुरात शिसं असतं.

अडथळ्यांची भाषा शिकून घ्या. केस अर्धवट बाहेर येऊन उभी अडकली तर काडतूस मवाळ आहे, नाहीतर एक्स्ट्रॅक्टरच्या (केस ओढून काढणाऱ्या) आकड्याखाली काजळी बसली आहे. केस चेंबरमध्येच राहिली तर तिथे मेण-शिशाचं कडं जमलंय. ब्राँझचा ब्रश फिरवा. चाप ओढला आणि नुसताच खटका वाजला तर बॅरल टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग काडतूस काढून कड बघा. पिनचा ठसा खोल असेल तर कडेच्या त्या जागी पेट घेणारा मसाला पोचला नव्हता. उथळ असेल तर चेंबर घाण आहे किंवा बोल्ट पुरता बंद झाला नव्हता. आवाज फुसका आला तर लगेच थांबा: गोळी नळीत अडकलेली असू शकते. नळीतून आरपार दिसल्याशिवाय पुढचं काडतूस घालू नका.

तेल मात्र कंजूषपणे. ओल्या बोल्टवर न जळलेली दारू चिकटते आणि दोनशे गोळ्यांत त्याचा चिखल होतो. बोल्टचं तोंड, आकडा आणि चेंबर तीन-चारशे गोळ्यांनी पुसा. नळी रोज घासायची गरज नाही, घासालच तर तोंडाची कड रॉडने झिजू देऊ नका.

रायफलबरोबर आणखी दोन मॅगझिन घ्या आणि तिन्हींवर मार्करने १, २, ३ आकडे टाका. काडतूस अडकण्याचा त्रास एकाच आकड्यावर येत असेल तर दोष त्या मॅगझिनच्या ओठांचा किंवा स्प्रिंगचा आहे, आणि बंदूक दुरुस्तीला देण्यापेक्षा ते एक बदलणं केव्हाही स्वस्तात पडतं.