तुम्ही विचारलंत म्हणून: खानावळीचं नाव का सांगत नाही

"एवढं कौतुक करताय तर नाव, लोकेशन का देत नाही?" मी आणि माझा मित्र खानावळींत जेवून त्यांच्याबद्दल लिहितो, पण नाव देत नाही, म्हणून गेली दोन वर्षं हेच ऐकतोय. कुणी म्हणतं भाव खाताय, कुणी म्हणतं पैसे घेतले असतील. पैसे आम्ही कधीच कुणाकडनं घेतले नाहीत. बिल निम्मं निम्मं, पेट्रोल मित्राचं, टोल माझा. हे एकदाचं सांगून टाकलं.

करमाळा तालुक्यात एक खानावळ आहे. पत्र्याचं शेड, चार टेबलं, दोन चुली आणि मावशी एकट्या. तिथली बाजार आमटी म्हणजे चार-पाच डाळी एकत्र शिजवून काळ्या मसाल्यात केलेली, पातळ, वर लाल तवंग, त्यात तव्यावरची भाकरी कुस्करायची. भाकरी मालदांडीची, तीच मंगळवेढ्याची ज्वारी जिला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. मावशी पीठ दोन दिवसांपुरतंच दळून आणायच्या, जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि थापताना भाकरी तुटते म्हणायच्या. मी हे सगळं लिहिलं, नावागावासकट, मॅपसकट. पाचपैकी पाच.

सहा महिन्यांनी रविवारी परत गेलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, भिगवणला फ्लेमिंगो बघून तसेच पुढं आलेले लोक, आणि शेडात नवी टेबलं. ताटात आलेली भाकरी सकाळीच थापून फडक्यात गुंडाळलेली होती, कडेला भेगा, मध्ये ओलसर. आमटीला पाकिटातल्या मसाल्याचा वास. माणशी दोन धरल्या तरी साठ जणांच्या एकशेवीस भाकरी, एकटी बाई किती थापणार? कोपऱ्यात नेहमी बसणारे ट्रॅक्टरवाले त्या दिवशी दिसलेच नाहीत. मित्र गाडीत बसल्या बसल्या म्हणाला, आता हेही लिहायचं, नाहीतर आधीचं खोटं ठरतं. टेंभुर्णीपर्यंत भांडलो. मी म्हणत होतो ही गर्दी आपण पाठवलीय, तो म्हणत होता वाचणाऱ्याचा काय दोष. शेवटी मीच म्हटलं, लिही. दोन स्टार. एक शब्द खोटा नव्हता.

नंतर एकटा गेलो. शेड निम्मं रिकामं. मावशींनी लगेच ओळखलं, पाणी दिलं, परातीत पीठ घेऊन भाकरी थापायला बसल्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "दादा, भाकर बिघडली तर मला सांगायचं होतं की. गावभर कशाला केलं?" टेबलं हप्त्यावर घेतली होती. ती भाकरी गरम होती, चांगली होती, मला गिळवेना. निघताना त्यांनीच सांगितलं, परत चांगलं लिहा, नाव टाका.

मी नाही टाकलं. ना त्यांचं, ना त्यानंतरच्या कुणाचं.

मित्र म्हणतो, त्या बाईला गिऱ्हाईक हवंय आणि तू ते अडवतोयस, तुला हा हक्क कुणी दिला? ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. नाव टाकताना तरी कुठं विचारलं होतं त्यांना, हेही खरंच. पूर्वी मला वाटायचं चांगलं लिहिणं म्हणजे उपकारच, त्यात नुकसान कसलं होणार. आता लिहायला बसलो की ती परात दिसते आणि हात थांबतो, तो बरोबर थांबतो की नुसता घाबरतो ते कळत नाही.

मागच्या महिन्यात मित्र तिकडं जाऊन आला. मावशींनी माझी चौकशी केली म्हणाला. काय विचारलं, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही.