येते हं!

लेकीला किटात घातलं तेव्हा तिला दोन वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर होता. किटा म्हणजे आपलं पाळणाघर आणि बालवाडी एकाच छपराखाली. जर्मनीत ऑगस्ट २०१३ पासून पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक मुलाचा अशा ठिकाणी जागा मिळण्याचा कायद्याने हक्क आहे. तरी आम्ही आठ महिने यादीत होतो. अखेर पत्र आलं, त्यात एक ओळ ठळक छापलेली: पहिले तीन आठवडे दुसरं काहीही ठरवू नका.

ते तीन आठवडे 'आइनगेव्योनुंग'चे. मराठीत मी त्याला रुळवणं म्हणते. याची बर्लिन पद्धत १९८० च्या दशकात लेवेन आणि आंद्रेस या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसोबत बसवली. मुलाला एका माणसाचा भक्कम आधार लागतो, त्या आधारावरच ते जग बघायला बाहेर पडतं, हा ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांचा विचार तिच्या मुळाशी आहे. पहिले तीन दिवस आईने किंवा बाबाने मुलासोबत तासभर खोलीत बसायचं आणि त्याला घेऊन घरी जायचं. मुलाला पुढे ढकलायचं नाही, बाईंकडे जा म्हणायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा खोलीबाहेर जायचं, तेही फार तर अर्धा तास. तो दिवस सोमवार असेल तर मंगळवारपर्यंत थांबायचं, कारण शनिवार-रविवार घरी काढून आलेलं मूल पुन्हा बिचकलेलं असतं.

मी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसून असायचे. लेक दोन पावलं जायची, वळून बघायची, पुन्हा येऊन माझ्या गुडघ्याला चिकटायची. तिच्या खुंटीवर गोगलगायीचं चित्र होतं (मुलांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येकाच्या खुंटीला एक चित्र). त्या चित्रावरून बोट फिरवत ती कितीतरी वेळ उभी राहायची.

सहाव्या दिवशी माझं चुकलं. आदल्या रात्री आई फोनवर म्हणाली होती, "खेळात रमली की नजर चुकवून नीघ गं. निरोप घेत बसलीस तर जास्त रडेल." आपण सगळ्यांनी हेच पाहिलंय. लेक वाळूत रमली आणि मी हळूच सटकले. बाई माझ्यामागे बोळात आल्या. आवाज शांत, पण स्पष्ट: "तुम्ही तिला सांगितलं नाहीत. आता आत या, तिला सांगा आणि मग जा."

मी आत जाऊन सांगितलं. लेकीने हंबरडा फोडला. बाईंनी तिला मांडीवर घेतलं. "रडू नकोस" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. "आई गेली, तुला वाईट वाटतंय," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. नंतर मला समजावलं: आई न सांगता गायब होऊ शकते हे मुलाला एकदा कळलं की ते खेळूच शकत नाही, त्याला सतत आईवर पहारा ठेवावा लागतो. दुसऱ्या दिवशी ते मी डोळ्यांनी पाहिलं. लेक वाळूकडे फिरकलीसुद्धा नाही, तासभर माझ्या कुर्त्याचं टोक मुठीत धरून बसली. आमचे चार दिवस वाढले.

मूल रुळलं हे ओळखायची खूण मला सगळ्यांत मोलाची वाटली. ते रडायचं थांबलं का, हे बघत नाहीत. रडताना बाईंकडून शांत होतंय का, हे बघतात. 'शहाणं बाळ रडत नाही' हे ऐकत वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

इथे हे जमतं त्याचं एक कारण रजेत आहे. आई आणि बाबा दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत नोकरी शाबूत ठेवून बालसंगोपन रजा घेता येते. पुण्यातल्या माझ्या बहिणीला तीन आठवडे बालवाडीत बसायला कोण देणार? पण मुलाला त्याच्या ओळखीच्या जगातूनच पुढे न्यायचं, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाड्यांवरच्या मुलांसाठी शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती. शिवाय सांगून निघायला तर रजाही लागत नाही.

बाईंनी एकदा विचारलं, "जाताना तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "येते." त्याचा अर्थ सांगितला तेव्हा त्या चकित झाल्या. निघताना 'जाते' म्हणू नये हे मी आजीच्या धाकाने शिकले होते, त्यात तान्ह्या जिवासाठी केवढं आश्वासन आहे हे तिथे उभी असताना जाणवलं. बाईंनी तो शब्द चिठ्ठीवर लिहून घेतला. पुढे लेक हिरमुसली की त्या त्यांच्या जर्मन उच्चारात म्हणायच्या, "आई येते."

आता ती तीन वर्षांची आहे. काल तिने बाहुलीला चपलांच्या फडताळावर बसवलं, गालाला हात लावला, "येते हं" म्हणाली आणि न्हाणीघराचं दार आतून लोटून घेतलं. बाहेर बाहुली आणि मी. थोड्या वेळाने दार उघडलं, लेक धावत आली, "आले!"