कोरम

आज ग्रामसभा होती. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. आलो आम्ही २३, त्यातले चौघे नुसते पंख्याखाली बसायला. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, म्हणजे पुढच्या खेपेला पाच-सहा जण नळयोजनेचं ठरवून मोकळे, तेही कायद्याने!

रात्री सप्ताहाच्या कीर्तनाला मांडवात पाय ठेवायला जागा नाही. पत्रावळ्या दोनदा कमी पडल्या. (टाळ घेऊन मीही उभा होतोच, उगाच नाक कशाला मुरडू?) बुवा म्हणाले, गाडगेबाबा आधी गाव झाडायचे, मग कीर्तन करायचे. काय टाळ्या पडल्या!

बाहेर गटार तुंबून रस्त्यावर आलेलं. चपला हातात घेऊन घरी आलो.