छोटी लाईन

उमरेडहून भिवापूरकडे निघालेली एसटी, दुपारचे दोन-अडीच वाजलेले, अर्धी बस पेंगलेली. मध्येच ड्रायव्हरनं गिअर उतरवला, बस जवळजवळ उभी केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि मग सावकाश पुढे काढली. रस्त्यात गाय नव्हती, गतिरोधक नव्हता. खड्डा होता, पण खड्ड्यासाठी कोण थांबतं? मी खिडकीतून मागे पाहिलं तेव्हा झुडपात तिरपी झालेली पिवळी पाटी दिसली. तिच्यावर काळ्या अक्षरात ‘सी/फा’. सीटी वाजवा, फाटक आहे. फाटक नव्हतं, रूळ नव्हते, सीटी वाजवणारं तर नोव्हेंबर 2019 पासूनच कुणी नाही. ड्रायव्हरला काही विचारावंसं वाटलं नाही. बसमधल्याही कुणी विचारलं नाही.

नागपूर-नागभीड रेल्वे. आमच्याकडे तिला कुणी नॅरोगेज म्हणत नसे, छोटी लाईन म्हणत. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे 762 मिलिमीटर. मोठ्या लाईनच्या निम्म्याहूनही कमी. इतवारी स्टेशनाच्या एका कडेला ती उभी असायची, घरच्या लग्नात मागच्या पंगतीला बसवलेल्या गरीब नातेवाइकासारखी. त्याच इतवारीला आता नेताजी सुभाषचंद्र बोसांचं नाव आहे, पण रिक्षावाल्याला इतवारीच सांगावं लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे जायचं ते ह्याच गाडीनं. शंभराच्या थोडं वर किलोमीटर, आणि त्याला चार-साडेचार तास कुठे गेले नाहीत. डब्यात माणसं कमी आणि सामान जास्त. रिकामे डबे परत नेणारे दूधवाले, भिवापुरी मिरचीची पोती (तिच्या शेजारी बसलेला माणूस उमरेडपर्यंत शिंकत राहणार, हे ठरलेलं), पाय बांधलेल्या कोंबड्या, नवा कोरा फावडा आणि त्याच्या दांड्यावर डोकं टेकून झोपलेला त्याचा मालक. कुठल्यातरी स्टेशनावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या बाया टोपलीतून उकडलेले शिंगाडे घेऊन चढायच्या. काळेकुट्ट, शिंगं असलेले, सोलताना नखं काळी करणारे. उपासाचं शिंगाडा पीठ खाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना हा प्रकार दाखवला की ते दोन पावलं मागे सरतात.

मी आणि ताई खिडकीसाठी भांडायचो, कारण आमचा एक खेळ होता. बाहेर पाणी दिसलं की ओरडायचं: तलाव की बोडी? बोडी म्हणजे शेतातली, एखाद्या घरची, चार बांध्यांना पाणी पाजणारी. तलाव म्हणजे गावाचा. आता हे गाडीतून कसं ओळखायचं? ताईनं नियम केला होता: पलीकडची पाळ (पाणी अडवणारा मातीचा बांध) दिसली तर बोडी, नाही दिसली तर तलाव. मी म्हणायचो, पाळीवर मोहाची झाडं असली तर तलाव. ती म्हणायची, मोह बोडीवरही असतो. मग आम्ही आईकडे जायचो. आई झोपेतून म्हणायची, “पाणी आहे ना? मग झालं.” भिवापूर सुटलं, पवनी रोड गेलं की पाणी इतकं दाट व्हायचं की खेळ कोसळायचा, ओरडायला फुरसतच मिळायची नाही. तिथली धानाची शेतं, पाळ, पुन्हा पाणी, पुन्हा धान, आणि त्यातून कडेकडेनं, अंग चोरत जाणारी ती गाडी. डबा वळणावर झुकला की इंजिन खिडकीतूनच दिसायचं. छोट्या लाईनचं हे एक सुख मोठ्या लाईनला नाही. मोठी गाडी स्वतःचं तोंड प्रवाशाला सहसा दाखवत नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. “चालत्या गाडीतून उतरायचं, लघवी करायची, पळत जाऊन पुन्हा डबा पकडायचा” हा विनोद मला आवडत नाही. पाचोरा-जामनेरवाले तो त्यांच्या गाडीबद्दल सांगतात, मूर्तिजापूर-यवतमाळवाले शकुंतलेबद्दल सांगतात, आणि प्रत्येकाच्या काकानं ते स्वतः केलेलं असतं. गाडी हळू होती, कबूल. पण तिची गंमत करणारे बहुतेक तिच्यातून रोज जाणारे नसतात. रोजच्या माणसाला गाडी हळू आहे ह्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, त्याचा तहसिलीतला दिवस बुडतो.

तर तलाव. लाईनच्या आधी ते दोनशे वर्षं तिथे होते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या चार जिल्ह्यांत ते हजारोंनी आहेत. बहुतेक कोहळी समाजानं बांधलेले. चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांचं धोरण असं की जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन. असलं साधं धोरण पुन्हा कुठल्या सरकारला का सुचलं नाही, कोण जाणे. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी ह्यांनी घातला. सात टेकड्यांच्या मधल्या खिंडी बुजवून, त्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. पाटील मागाहून देव झाले; कोलासुर म्हणून त्यांचं ठाणं तलावाजवळ आहे. धरण बांधणाऱ्या इंजिनिअरला नारळ फोडतात असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही.

मग 1896-97 चा दुष्काळ आला, आणि त्यातून सावरतो न सावरतो तोच 1899-1900 चा. मध्य प्रांत खिळखिळा झाला. त्यानंतर सरकारला दोन गोष्टी एकदम सुचल्या: पाणी साठवा आणि धान्य पोचवा. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत घोडाझरी, आसोलामेंढा, रामटेकजवळचा खिंडसी असे मोठे सरकारी तलाव उभे राहिले, आणि त्याच काळात बंगाल नागपूर रेल्वेनं अडीच फुटी रूळ पसरले. आधी 1903 ते 1905 मध्ये गोंदियाहून सातपुडा चढून जबलपूर. मग 1908 मध्ये गोंदिया-नागभीड आणि नागपूर-नागभीड. 1913 मध्ये नागभीडहून खाली मूल, केळझर करत चांदा फोर्ट. अडीच फूटच का? कारण स्वस्त. ह्या मापाचा मोठा पुरस्कर्ता एव्हरार्ड काल्थ्रॉप, आपल्या बार्शी लाईट रेल्वेचाच कर्ता; 1897 मध्ये त्यानं दाखवून दिलं होतं की हलक्या रुळावर बराच जड माल जातो. शिवाय अरुंद गाडी घट्ट वळते. टेकडी आली, वळली. पाळ आली, वळली. मोठ्या लाईनला सरळ जायचं असतं, तिला भराव लागतो, खोदाई लागते, पैसे लागतात.

आत गेलं धान्य आणि मीठ, बाहेर आलं तांदूळ, साग, बांबू, तेंदूपत्ता. गोंदियाच्या भातगिरण्या आणि बिड्या ह्याच लाईनवर मोठ्या झाल्या. वडसा हे गडचिरोली जिल्ह्यातलं वर्षानुवर्षं एकमेव रेल्वे स्टेशन, आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकांचं माहेरघरही तेच, ह्यात मला योगायोग वाटत नाही. पेट्या, पडदे, तबलजी आणि नटी, एवढं सगळं बैलगाडीनं किती लांब नेणार? मामा सांगायचा, दिवाळीनंतर रात्रभर नाटक बघून लोक थेट स्टेशनावर येऊन झोपत आणि सकाळच्या गाडीचं इंजिन आलं की उठत.

मामाचं आणि माझं ह्या लाईनवरून कधीच पटलं नाही. गोंदिया-चांदा फोर्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटी मोठी झाली आणि नागपूरचा फाटा तेवढा छोटा राहिला, तेव्हा मला आनंद झाला होता. निदान एक तरी राहिली. मी त्याला तसं बोललो. तो पाळीवर बसून दात कोरत होता.

“काऊन गा? तुले पाह्याले पायजे, आमाले जायाले पायजे.”

मी म्हटलं, वीस वर्षांनी लोक हिच्यासाठी हळहळतील.

“हळहळतीन नं. नागपुरात बसून.”

ह्याला उत्तर नव्हतं. मामीला एकदा रात्री छातीत दुखायला लागलं होतं आणि सकाळची गाडी येईपर्यंत ती ओसरीवर बसून होती, हे मला नंतर कळलं. त्यानं ते कधी वादात काढलं नाही.

नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. इंजिनं रंगवून, पितळ घासून उभी केली आहेत. मुलं चढतात, फोटो काढतात, आजोबा दम देतात. चांगलं आहे. पण मला तिथे थोडा वेळच बसवतं. मला आठवतो तो चावीवाला, खांद्यावर हातोडा घेऊन रोज आपल्या वाट्याचे रूळ पायी तपासणारा, सैल चावी दिसली की दोन ठोके देऊन पुढे जाणारा. तसाच तलावावर पाणी सोडणारा एक माणूस असे. कुठल्या बांधीला किती दिवस, कुणाची पाळी, कुठे पाळीत खेकड्यानं भोक केलंय, हे सगळं त्याच्या डोक्यात. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी (गावचा सारा वसूल करणारी जमीनदारी) गेली, जायलाच हवी होती, आणि मालगुजारांकडचे तलाव सरकारकडे आले. मग तो माणूस कुणाचा, हा प्रश्न कुणाच्या फायलीत मावला नाही. तलाव गाळानं भरत गेले, बेशरम नावाची झुडपं माजली. काही गावांनी, ढिवरांच्या सोसायट्यांनी पुन्हा हात घातला आहे. तिथे कमळं आणि मासे परत आलेले मी पाहिले आहेत. गोंदियाकडच्या धानात तर सारस आहेत, महाराष्ट्रात आता जवळजवळ फक्त तिथेच. सारसाची जोडी पाहिली की ताई अजूनही गाडीत असल्यासारखी ओरडते.

छोट्या लाईनच्या चावीवाल्याला परत आणणारं मात्र अजून कुणी निघालेलं नाही. मोठ्या लाईनवर चावीवाले अजून चालतात, जोडीला यंत्रंही रूळ तपासतात.

आता नागपूर-नागभीडही मोठी होते आहे. काम महारेल ह्या राज्य आणि केंद्राच्या रेल्वे-कंपनीकडे आहे. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या बाजूनं जाणारी ही वाट. नागझिऱ्याहून चालत आलेला जय नावाचा वाघ 2013 मध्ये ह्याच कऱ्हांडल्यात दिसला आणि 2016 मध्ये नाहीसा झाला तो कायमचा. ताडोबा, घोडाझरी, कऱ्हांडला, नागझिरा ह्यांच्यामधून वाघ तसेच येतात-जातात, पाळीवरून, धानातून, रूळ ओलांडून. छोट्या गाडीचा त्यांना किती त्रास होता, सांगता येत नाही. ताशी वीस-पंचवीसच्या गाडीला वाघानंच वाट दिली असेल किंवा गाडीनं वाघाला.

मोठी लाईन झालेल्या गोंदिया-चांदा फोर्टवर आता कोळशाच्या मालगाड्या धावतात, लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस रात्रीच्या धावतात. नोव्हेंबर 2018 मध्ये चंद्रपूरजवळ, जुनोन्याच्या जंगलात, वाघाचे तीन बछडे ह्या लाईनवर एकाच वेळी कापले गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो होता. मी तो पान उलटून ठेवला आणि नंतर पुन्हा काढून पाहिला. तेव्हापासून मागणी अशी की जंगलातल्या तेवढ्या पट्ट्यात गाड्यांचा वेग कमी करावा. म्हणजे पन्नास वर्षं गाडी जलद करा म्हणून अर्ज गेले, आणि आता ती हळू करा म्हणून जात आहेत, बहुधा त्याच टेबलावर. मामा असता तर ह्यावर काय म्हणाला असता, मला अंदाज आहे. पण फोटो त्यालाही दाखवला असता.

पुढच्या महिन्यात त्याच्या नातवाचं लग्न आहे, वडशाला. एसटीचा कंटाळा आला आहे. गोंदियावरून मोठ्या लाईनचंच तिकीट काढलंय, खिडकीचं. गाडी वैनगंगेच्या अलीकडे रात्री पोचते. बाहेर काही दिसणार नाही, तरी.