आठ बेकऱ्या, एक ट्रक

14 सप्टेंबर 2024 पासून केंद्र सरकारनं कच्च्या पामतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून 20 टक्क्यांवर नेलं आणि ऐन दसरा-दिवाळीच्या तोंडावर, मुख्यतः पामतेलापासूनच बनणाऱ्या वनस्पती तुपाचा भाव भडकला. मिरजेत माझी बेकरी आहे. रोजचा लादीपाव, खारी, टोस्ट आणि दिवाळीत नानकटाई. पावाचा दर वडापावच्या गाडीवाल्यांशी आधीच ठरलेला असतो, तो रातोरात वाढवता येत नाही. खरेदीची बिलं पुढ्यात घेऊन बसल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. तुपाच्या भावावर माझा काही इलाज नाही, पण मैद्यावर आहे. सगळ्यात जास्त पैसा मैद्यात जातो आणि तो मी आठवड्याला 25-30 पोती, महिन्याच्या उधारीवर, व्यापाऱ्याकडून उचलत होते.

सांगली, मिरज, माधवनगर इथल्या ओळखीच्या बेकरीवाल्यांना बोलावलं. आम्ही आठ जण जमलो. प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं ठरलं: आठवड्याला किती पोती, कुठला छाप, काय दरानं. चिठ्ठ्या उघडल्या तर एकाच छापाला प्रत्येकाचा दर वेगळा! आणि सगळ्यांची मिळून जवळजवळ 200 पोती भरली. 50 किलोचं पोतं, म्हणजे 10 टन. एक अख्खी गाडी.

मी थेट मिलमध्ये गेले. तिथल्या विक्री पाहणाऱ्या गृहस्थांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. ते म्हणाले, "ताई, गाडी भरून जाणार असेल, माल एकाच प्रतीचा असेल आणि पैसे लोडिंगच्या आधी येणार असतील, तर तुम्हाला घासाघीस करायची गरजच पडणार नाही." उधारीच्या दरात व्याज असतं, बुडणाऱ्या गिऱ्हाइकाची जोखीम असते, वसुलीला हिंडणाऱ्या माणसाचा पगार असतो. आजवर ते सगळं मी भरत होते. खूप माल घेतला की स्वस्त मिळतो एवढंच आपण धरून चालतो. खरं तर विकणाऱ्याचा जेवढा खर्च आणि धास्ती आपण कमी करू, तेवढाच दर खाली येतो.

अडलं ते प्रतीवर. पाववाल्याला ताकदीचा मैदा लागतो, नानकटाईवाल्याला हलका. आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, ते ऐकेनात. "बेटा, मैदा मी हातानं ओळखतो, कागदावर नाही." मी म्हटलं, चाचा, मग हातानंच बघू. मिलमधून तीन नमुने आणले. प्रत्येकी 25 ग्रॅम मैदा घेऊन पाण्यात घट्ट गोळा मळला, अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवला आणि मग नळाच्या बारीक धारेखाली तळहातावर दाबत धुतला. आधी दुधासारखं पांढरं पाणी जातं, तो सगळा स्टार्च. पाणी स्वच्छ यायला लागलं की हातात उरतं ते रबरासारखं चिवट ग्लुटेन. ते जितकं जास्त आणि चिवट, तितका मैदा ताकदीचा. पिळून ते काट्यावर ठेवलं. एका नमुन्याचं आठ ग्रॅमच्या आसपास भरलं, दुसऱ्याचं जेमतेम सहा. चाचांनी पहिला गोळा दोन बोटांत धरून ओढला, तो तुटेचना. "हा पावाचा," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच भट्टीत त्या मैद्याची लादी काढली आणि मगच शिक्कामोर्तब झालं. हलका मैदा ज्याला लागतो त्यानं तेवढा वेगळा घ्यावा, गाडीत एकच प्रत यावी, असं ठरलं. नव्या गव्हाचा मैदा यायला लागला की पाणी किती धरतो ते बदलतं, म्हणून ही धुण्याची चाचणी आम्ही अधूनमधून आजही करतो.

पैशाचा नियम कडक ठेवला. एकदा गाडी भरायची वेळ आली आणि एका सभासदाचे पैसे आलेच नाहीत. त्याची पोती बाकीच्यांनी वाटून घेतली म्हणून निभावलं. तेव्हापासून प्रत्येकाची एका आठवड्याच्या मालाएवढी अनामत समाईक खात्यात असते. नात्यात कडवटपणा येण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

बिलं मात्र आठही वेगळी घेतो. एकानं सगळं आपल्या नावावर घेऊन इतरांना विकलं की त्याची उलाढाल कागदावर उगाच फुगते, शिवाय परवाने आणि हिशेब त्याच्याच गळ्यात. मैद्याच्या 50 किलोच्या पोत्यावर जीएसटी नाही. तो 25 किलोपर्यंतच्या छापील पाकिटांवर आहे. साखर आणि तुपावर मात्र आहे. जे कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरण्याच्या सोप्या योजनेत नाहीत, त्यांना खारी-टोस्टपुरती त्या कराची वजावट मिळते, पण आपापल्या नावाचं बिल असेल तरच. पाव करमुक्त असल्यामुळे पावात गेलेल्या मालावरचा कर आपल्याच खिशातून जातो.

भाडं, हमाली, तीन ठिकाणी गाडी थांबवण्याचे जादा पैसे, सगळं वजा जाता पोत्यामागे सुमारे 80 रुपये वाचतात. माझे महिन्याला आठ-नऊ हजार होतात. साखरेत मात्र हाती फारसं लागलं नाही. जिल्ह्यात कारखाने असले तरी ते निविदा काढून मोठ्या व्यापाऱ्यांना माल देतात. आमच्या दहा-वीस पोत्यांना तिथे कोण विचारणार? तो नाद आम्ही सोडून दिला.

एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, खरेदी एकत्र करतोय तर पावाचा विक्रीचा दरही सगळे मिळून बांधू. मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. स्पर्धकांनी संगनमतानं विक्रीचे भाव ठरवणं 2002 च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही आणि मला ते पटतही नाही. सकाळी चहा-पाव खाऊन कामाला जाणाऱ्याच्या खिशातून आम्ही आमची बचत काढायची नाही.

जर्मनीत बेकरीवाल्यांच्या खरेदीच्या सहकारी संस्था 'बेको' नावानं चालतात. मैद्यापासून यंत्रांपर्यंत सगळं सभासदांना पुरवतात. सहकाराच्या या जिल्ह्यात आपली का नसावी, असं मला मनापासून वाटतं. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याप्रमाणे नोंदणीला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा जण लागतात. आम्ही आठ आहोत. तासगावचे दोघे यायला तयार आहेत, पण तिथपर्यंत गाडी नेली तर भाडं किती चढतं, त्याचा हिशेब सध्या चालू आहे.