आमची वाटचाल : आठवड्याची फाइल आणि ९९ रुपयांची लिंक

इंदूरच्या खजुरी बाजारात आमचं छपाईचं दुकान, काम मुळात शाळांचं. फीची पुस्तकं, प्रगतिपत्रकं, गॅदरिंगच्या पत्रिका. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हे सगळंच थांबलं. सौ. रामबागेत बालवाडी घ्यायची, तीही बंद. तिच्याकडच्या मुलांच्या आया फोन करायच्या, "ताई, घरी काय करून घेऊ?" ती पानं करायची, मी छापायचो. धंदा असा सुरू झाला.

इथे मिळणाऱ्या गिरवायच्या वह्या हिंदीच्या. त्यांत ळ नाही, शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे. मराठी आजीला ते खपत नाही, आणि खपू नयेच. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढून ल आणि श यांचं मराठी वळण ठरवून दिलंय, पण इंदूरच्या वहीवाल्याला त्याचं काय? सौ.ने कोरल ड्रॉमध्ये एकेक अक्षर स्वतः काढलं. ठिपके, बाण, शिरोरेघ शेवटी. सातच्या आकड्यासाठी इंदूरच्या राजवाड्याचे सात मजले, मुलाने खालून वर मोजायचे. मार्चच्या पाठात रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, पिचकारीसकट.

आता त्या ९९ रुपयांच्या लिंकवाल्या माणसाबद्दल. नाव घेत नाही, बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याकडूनच कागद न्यायचा, चहा प्यायचा. पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपवर त्याची जाहिरात फिरू लागली: 'दहा हजार वर्कशीट, फक्त ९९ रुपये, लगेच लिंक'. आमच्या पानांच्या एका सेटची किंमत त्याच्या कितीतरी पट. गिऱ्हाईक गळू लागलं. मग तर कहर झाला. एक बाई मोबाइलवर तीच पीडीएफ घेऊन आमच्याच काउंटरवर आल्या, "भैया, याचे प्रिंट काढून द्या." पाहतो तर आमचा राजवाडा! खालचं दुकानाचं नाव पांढऱ्या पट्टीने झाकलेलं, पण सौ.चा ळ मी झोपेतही ओळखेन. वर पाटी काय, तर 'महाराष्ट्रातील बालवाडी अभ्यासक्रमानुसार'. आता पुण्याच्या मुलाला गेर कोण समजावणार? काढून दिले प्रिंट. काय करतो?

फोन केला तर म्हणाला, "अक्षरं काय कुणाच्या बापाची असतात?" अक्षरं नसतील, पण ती काढणारा हात असतो. वकिलाकडे जाऊन आलो, त्याची फीच आमच्या महिन्याच्या गल्ल्याहून जास्त. लेझर प्रिंटर विकायला काढला. गिऱ्हाईक बघूनही गेलं होतं.

तेव्हा लोकमान्य नगरच्या काकू आल्या. पहिल्या सेटपासूनच्या. नातवाला घरीच शिकवत होत्या. हातात त्या ९९ रुपयांच्या पानांचा गठ्ठा, सुनेने घेतलेला. काउंटरवर आपटून म्हणाल्या, "भाऊ, सोमवारी काय करायचं ते यात कुठे आहे हो?"

कुठेच नव्हतं. त्याने पानं उचलली होती, सौ.चा नियोजनाचा कागद उचलला नव्हता. तो आम्ही सेटमध्ये फुकट घालायचो, सगळ्यांत खाली. त्यानंतर तो वर आला. आठवड्याची एक फाइल, एकच विषय: भाजीबाजार, पाऊस, माझं घर. पहिल्या पानावर सोमवार ते शुक्रवार, बाजूला घरातलं काय काय लागेल त्याची यादी: वाटाणे, वाट्या, ताटभर रवा. दिवसाला छापील पान एकच. काकूंनी त्यांच्या भिशीत फायली दाखवल्या, त्याच महिन्यात आम्ही प्रिंटर विकायचा बेत रद्द केला. नंतरची वर्षं बरी गेली.

पालक विचारतात, घरी शिकवलं तर चालतं का? शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही पहिलीचं वय सहाच. त्याआधीची तीन वर्षं घाबरण्याची नाहीत. पेन्सिलची घाई करू नका. आधी रव्यात बोट फिरू द्या, मग लॅमिनेट केलेल्या पानावर मार्कर, मग कागद. काकूंचा नातू वाटाणे मोजून वाट्यांत टाकायचा, पान त्यानंतर. पोरगं कंटाळलं तर फाइल बंद करा, मंगळवार कुठे पळून जात नाही.

लॅमिनेशनचं एक सांगून ठेवतो. कार्डं आधी कापा, मग १२५ मायक्रॉनच्या पाउचमध्ये घाला आणि कडेने तीन-चार मिलिमीटर फिल्म सोडून कापा. लॅमिनेशननंतर कागदालगत कापलं की कडा उघडते आणि पोर ती सोलत बसतं. पाउच चकचकीतच घ्या, मॅटवर मार्करचा डाग राहतो. मार्कर त्याच दिवशी पुसा. पावसाळ्यात कागदाची उघडी रीम ठेवू नका, ओलावा धरला की पान वळतं आणि मशीन जाम होते. घरी छापणार असाल तर 'फिट टू पेज' बंद ठेवा, नाहीतर ए-फोरवरचं अक्षर आकसतं आणि मुलाचं बोट ठिपक्यांवर बसत नाही.

त्याची लिंक अजून चालू आहे. आता ४९ रुपयांना देतो म्हणे. राजवाडा अजून त्यात आहे. प्रिंट काढायला लोक आमच्याकडेच येतात, आणि त्या पानांना आम्ही रंगीत प्रिंटचा पूर्ण भाव लावतो.