शेपू पाठवला, पुदिना पोचला

काही दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला नाशिकच्या मित्राचा मेसेज आला: "दादा, शेपूची फाइल उघडली एकदाची. पण हा पुदिना आहे."

आधी वाटलं, चेष्टा करतोय. मागच्या नोंदीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की जुन्या सीडीवरच्या वासाच्या ६४ रेणूंचं रूपांतर संपलं, आता फक्त थ्री-डी आणि मग छपाई. या पठ्ठ्याने फाइलची इन्चीकी (रेणूच्या रचनेवरून निघणारी ओळखीची अक्षरकिल्ली) काढून पबकेम या रेणूंच्या ऑनलाइन कोशाशी ताडून पाहिली होती. मी पाहिली नव्हती. शेपू आणि पुदिना, दोन्हींच्या वासामागे कार्व्होन हाच रेणू असतो, पण डाव्या-उजव्या हातांसारख्या, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन जुळ्या रूपांत: एस आणि आर. कार्व्होनच्या किल्लीतला १४ अक्षरांचा पहिला गट दोन्ही जुळ्यांचा सारखाच असतो. हात डावा की उजवा, ते दुसऱ्या गटात कळतं. बाळंतशेपातल्या, म्हणजे शेपूच्या बियांतल्या, एस-कार्व्होनचा दुसरा गट 'व्हीआयएफपी'ने सुरू व्हायला हवा. माझ्या फाइलचा निघाला 'एसईसीबी'ने. म्हणजे आर-कार्व्होन, म्हणजे पुदिना.

'एकदाची' हा शब्द त्याने उगाच वापरला नव्हता. फाइल उघडायलाच दोन दिवस गेले होते. त्याच्या फोनला डॉट मोल (रेणूतले अणू, बंध आणि त्यांच्या जागा लिहिलेली मजकुराची फाइल) ही काय चीज आहे ते कळेना, म्हणून मी सरळ मजकूर कॉपी करून मेसेजमध्ये डकवला. तिकडे 'अणूंची संख्या वाचता आली नाही' अशी तक्रार, आणि माझ्या लॅपटॉपवर तीच फाइल सुखाने उघडते! शेवटी त्याच्याकडे पोचलेल्या मजकुराच्या ओळी मोजायला लावल्या. एक कमी. मोल फाइलची पहिली ओळ नावाची, दुसरी प्रोग्रॅमची, तिसरी शेऱ्याची, आणि चौथीत अणू-बंधांची मोजणी. वाचणारा प्रोग्रॅम डोळे मिटून चौथ्या ओळीवर जातो. माझी नावाची ओळ रिकामी होती, आणि मेसेजिंग अ‍ॅपने मजकुराच्या सुरुवातीची रिकामी जागा 'स्वच्छ' करून टाकली. झालं, मोजणीची ओळ तिसरीवर सरकली.

ओळ रिकामी का होती, तर सीडीवरची मराठी नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. आज उघडली की नुसता रोमन अक्षरांचा चिवडा. मी वैतागून सगळी पुसून टाकली होती. आता नियम केलाय: पहिल्या ओळीत काही ना काही असलंच पाहिजे, निदान फाइलचं नाव तरी.

तर शेपू. पहिला संशय रास्पबेरी पाय या माझ्या चिमुकल्या संगणकावर घेतला, कारण रूपांतर तिथे झालं होतं. तेच काम लॅपटॉपवर करून पाहिलं, किल्ली तीच. मग संशय वीस वर्षांपूर्वीच्या स्वतःवर: एमएस्सीला असताना आपणच पाचर (बंध कागदाच्या पुढे येतो की मागे जातो ते दाखवणारी त्रिकोणी रेघ) चुकीची काढली असणार. मित्राच्या ऑफिसातल्या केमड्रॉ या रेणूंची चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये मूळ सीडीएक्स, म्हणजे त्याची चित्राची फाइल, पुन्हा उघडली. मूळ चित्र चोख एस. एमएस्सीतला मी निर्दोष सुटलो. (याचा आनंद जरा जास्तच झाला.) मग उरली मधली पायरी, म्हणजे सीडीएक्सएमएलची (सीडीएक्सच्या मजकुरी रूपाची) मोल करणारी माझी पायथन स्क्रिप्ट. ओपन बॅबल हा तयार प्रोग्रॅम हे काम थेट करतो, पण मला चित्राखालचे मथळे उचलून नावाच्या ओळीत हवे होते म्हणून हा उपद्व्याप. ते मथळे पुढे पुसावेच लागले, ते सोडा.

तीन रात्री त्या स्क्रिप्टवर घालवल्या. बंधांच्या ओळी एकेक करून पाहिल्या: पहिला अणू, दुसरा अणू, बंधाचा प्रकार, आणि चौथा आकडा स्टिरिओचा, म्हणजे पाचरीचा. भरीव (पुढे येणाऱ्या) पाचरीला १, तुटक (मागे जाणाऱ्या) पाचरीला ६. सगळं मूळ चित्रासारखंच. मग चुकलं कुठे?

उत्तर मी स्वतःच मागच्या नोंदीत लिहून ठेवलं होतं: "रूपांतरित चित्रं डोक्यावर उभी दिसतात, पण काय फरक पडतो, फिरवली की झालं."

फिरवली की झालं नाही. केमड्रॉ पडद्याच्या हिशोबाने चालतो. शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात, वाय खाली वाढत जातो. मोल फाइल शाळेतल्या आलेखकागदासारखी, वाय वर वाढतो. मी आकडे जसेच्या तसे उतरवले. त्याने चित्र १८० अंशांत फिरत नाही, ते पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं उलटतं. आणि पाचरी मात्र जशाच्या तशा राहिल्या.

मलाही हे डोक्यात धरता येईना, म्हणून बटर पेपरवर कार्व्होन काढलं. कागद उलटा करून मागून पाहिलं की चित्र उलटतं हे खरं, पण मागून पाहताना आपल्याकडे येणारी पाचर आता लांब जाते, म्हणजे तीही बदलायला हवी. दोन्ही बदलले तर रेणू तोच. एकच बदललं तर जुळा भाऊ. तरी खात्री म्हणून पुण्यात आप्पा बळवंत चौकातून आणलेला बॉल-स्टिक संच काढला आणि दोन्ही कार्व्होन जोडून शेजारी ठेवले. संचातल्या काड्या इतक्या सैल, की पाच मिनिटांत एकाचा ऑक्सिजन सोफ्याखाली. पण तेवढ्यात पटलं: कितीही फिरवा, एक दुसऱ्यावर बसत नाही.

आता खरी गंमत. रात्री दोन वाजता दुरुस्ती केली. वायपुढे वजा चिन्ह लावलं. आणि 'कागद उलटल्यावर पाचरही बदलते' हे ताजं ज्ञान डोक्यात घोळत होतं, म्हणून १ आणि ६ यांची अदलाबदलही करून टाकली. किल्ली काढली. 'एसईसीबी'. पुदिना! लॅपटॉप मिटून झोपलो. सकाळी चहा घेताना कळलं, की दोन दुरुस्त्यांनी एकमेकींना खाल्लं. अदलाबदल काढली, वजा ठेवला. 'व्हीआयएफपी'. घरात कुणालाच सांगण्यासारखं नव्हतं, पण मी दोन चहा घेतले.

इतके दिवस लक्षात कसं आलं नाही? कारण ६४पैकी ४१ रेणूंना हातच नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड, व्हॅनिलिन, सगळी आरशात सारखीच. बडीशेपेच्या अ‍ॅनेथॉलला ई-झेडची (दुहेरी बंधाच्या कुठल्या बाजूला काय, याची) भानगड आहे, पण उलटल्याने ती बदलत नाही. नमुना म्हणून मी नेमके हेच तपासले होते. उरलेल्या २३मध्ये मेंथॉलची हात ठरवणारी तिन्ही केंद्रं एकदम उलटून बसली होती. नाक या बाबतीत आपल्यापेक्षा हुशार. दोन कार्व्होनांचे वास खरंच वेगळे असल्याचं १९७१मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापून आलंय. माझ्या स्क्रिप्टला नाक नाही.

वजा चिन्हाने २० सुधारले. तीन अडले: लिनालूल, लिमोनीन, सिट्रोनेलॉल. यांच्या किल्लीचा दुसरा गट 'यूएचएफएफ'ने सुरू होतो. तो दिसला की समजायचं, हाताची माहितीच पोचलेली नाही. हे तासाभरात सुटलं. केमड्रॉमध्ये बंध काढताना पाचरीचं टोक सुरुवातीच्या अणूकडे असू शकतं किंवा शेवटच्या अणूकडे, आणि सीडीएक्सएमएलमध्ये त्याला 'वेज-बिगिन' आणि 'वेज-एंड' अशी वेगळी नावं आहेत. मोलमध्ये टोक कायम पहिल्या अणूकडे. माझी स्क्रिप्ट 'वेज' एवढंच वाचून पुढे जात होती. लिनालूलमध्ये मी बंध ऑक्सिजनकडून कार्बनकडे ओढला होता, त्यामुळे फाइलमध्ये टोक ऑक्सिजनवर आलं. ऑक्सिजनला कसला आलाय हात? प्रोग्रॅमने पाचर सोडून दिली. 'एंड' असेल तर दोन अणूंचे क्रमांक अदलाबदल, संपलं.

पण हे तिघे आधीच लक्षात कसे आले नाहीत, ते वाईट आहे. त्यांच्या किल्ल्या मी करून पाहिलेल्या थ्री-डी फाइलवरून काढल्या होत्या, ताडल्या नव्हत्या. थ्री-डी बनवताना हात ठाऊक नसला तरी प्रोग्रॅमला कुठला तरी एक घ्यावाच लागतो. मग किल्ली भरलेली, देखणी आणि निराधार. तेव्हा इथून पुढे किल्ली टू-डीवरून, आणि तीही थ्री-डीच्या आधी.

छपाईचा बेत होता दिवाळीपर्यंतचा, तो पुढे ढकलतोय. आधी सगळ्या मोल एका एसडीएफमध्ये (अनेक रेणू एकत्र ठेवणाऱ्या फाइलमध्ये) बांधतो आणि प्रत्येक रेणूसोबत त्याची पबकेमवरची किल्ली माहितीच्या रकान्यात घालतो. आरडीकिट (रसायनशास्त्रासाठीची पायथन लायब्ररी) फाइल वाचेल, स्वतः किल्ली काढेल, रकान्यातलीशी ताडेल. फोनवर मात्र अ‍ॅप टाकायची हौस फिटली. निम्म्यांत रेणूपेक्षा जाहिराती मोठ्या. ब्राउझरमध्ये केचर हा रेणू काढायचा फलक उघडायचा, मजकूर डकवायचा, बास.

मजकुरावरून आठवलं. हे लिहिता लिहिताच सुचतंय: फोनसाठी मोल फाइल कशाला? कार्व्होनची स्माइल्स ओळ (रेणू एका ओळीत चिन्हांनी लिहायची पद्धत) पुदिन्याची २४ चिन्हांची, शेपूची २५ची. माझ्या लिखाणात फरक काय तो एका @चा: पुदिन्याला एक, शेपूला दोन. (@वरून थेट आर-एस ठरत नाही, शेजाऱ्यांचा क्रम बदलला की तेही बदलतं, हे तुम्हाला सांगायला नको.) वर रिकामी ओळ नाही, रकाने नाहीत, वाय-अक्ष तर नाहीच. ही ओळ क्यूआरमध्ये घालून मसाल्यांच्या बरण्यांवर लावली तर? कुठलाही फोन कॅमेऱ्याने वाचेल. मेसेजमधून पाठवण्यापेक्षाही बरं, कारण तिथे @ टाइप केलं की ग्रुपमधल्या माणसांची यादी वर येते.

आत्ताच दोन चिठ्ठ्या छापल्या. बाळंतशेपाची बरणीवर बसली, नाशिकला फोटो पाठवला, त्याने स्कॅन करून 'आता शेपू' म्हणून कळवलं. दुसरी हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो तर आई विचारते, "जुडीला कुठे चिकटवणार रे हे?"